कुंडीतलं कापड

घटाला माती हवी म्हणून मी परसातली कुंडी उपडी केली, आणि ढेकळांबरोबर विद्याधरभावजींचं कापड बाहेर पडलं.

"काय गं ते?" सासूबाईंनी पायरीवरून विचारलं. उद्या घटस्थापना, म्हणून त्या परडी धुऊन पुसत बसल्या होत्या.

"कापड आहे, आत्याबाई. यांनी पुरलेलं."

"आजून हाय?"

"आहे."

मी ते झटकलं. हातभर लांबीचा तुकडा होता. विरळ झाला होता, मधे मधे डाग पडले होते, पण चारी कडा जागच्या जागी होत्या. कोपऱ्यावरचं लेबलसुद्धा वाचता येत होतं. 'सरकी. शुद्ध सुती. मातीतून आलं, मातीत जाईल.'

खरं तर मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. माझा नवरा महांतेश उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला, दुकानाचं शटर वर करता करता. तेव्हापासून मी वेळेवर उठत होते, स्वयंपाक करत होते, दुकान उघडत होते. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, कस्तुरी खंबीर आहे हो. खंबीर कसली डोंबलाची! दात काढताना डॉक्टर सुई देतात, मग आपलाच गाल दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा आपण चाचपत राहतो, तशी मी घरात वावरत होते. रडू आलं नव्हतं. मातीच्या दिवशीही नाही.

दुकानाचं नाव 'कणगी'. मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या आळीला लागून. घाण्याचं तेल, हातसडीचे तांदूळ, काथ्याच्या घासण्या, रिठ्याची पूड आणि कापड असा सगळा माल. पाटीवर 'पर्यावरणपूरक' लिहा असं कुणी सुचवलं की महांतेश हसायचा. "आता प्लॅस्टिकच्या बादलीवरपण हिरवं पान छापतात," म्हणायचा, "त्या बादलीशेजारी आपण कशाला बसायचं?"

त्याची परीक्षा एकच. जो माणूस म्हणेल की माझा माल मातीत मिसळतो, त्याचा माल थोडा कुंडीत पुरायचा, रोज पाणी घालायचं आणि काही महिन्यांनी कुंडी उपडी करून बघायचं. परसात अशा कुंड्यांची रांगच होती. बघणाऱ्यांना वाटायचं या घराला झाडं लावता येत नाहीत. बांबूचा म्हणून आलेला ब्रश पुरला, तर दांडा गेला आणि केस तसेच राहिले. मक्याची म्हणून आलेली पिशवी पुरली, ती इतकी ठणठणीत निघाली की सासूबाई ती धुऊन मंडईत घेऊन गेल्या आणि तिच्यातून मेथी घेऊन आल्या. तो माल महांतेशनं दुसऱ्याच दिवशी परत केला.

कापड ओळखायला खरं म्हणजे कुंडीची गरज नसते. एक धागा ओढून काडी लावायची. सूत असेल तर राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून गोळी होते. पण महांतेश कुणाच्या मालाला कधी काडी लावायचा नाही. तोंडावर काडी ओढणं म्हणजे संशय घेणं, आणि कुंडीत घालणं हा घरचा रिवाज. रिवाजाचा राग कुणाला येत नाही. शिवाय रिवाजातून कुणाची सुटका नाही. दोस्ताचीही नाही.

विद्याधर चौगुले हा त्याचा सांगलीच्या कॉलेजातला दोस्त. घर इचलकरंजीला, पिढीजात धंदा कापडाचा. 'सरकी' हे त्याचंच. पहिल्या वर्षी त्याचं कापड पुरलं, तेव्हा कुंडीत शोधूनही सापडलं नव्हतं. महांतेशनं त्याला फोन करून सांगितलं, "विद्या, तुझा माल गेला!" आणि दोघं लहान पोरांसारखे हसत सुटले. नंतर 'सरकी'चं नाव झालं, पुण्यामुंबईच्या दुकानांत कापड जाऊ लागलं, पेपरात फोटो आले. आमच्या दुकानात निम्मं गिऱ्हाईक त्या कापडासाठी यायचं. तरी महांतेश अधूनमधून नवा तुकडा पुरायचाच. हा शेवटचा तुकडा त्यानं जायच्या आधी थोडे दिवस पुरला होता. तो गेल्यावर त्या कुंडीला पाणी सासूबाई घालत राहिल्या. काही उगवणार नाही हे त्यांना माहीत होतं. "त्यो घाल म्हनाला हुता," एवढंच म्हणायच्या.

आणि महांतेश गेला त्या दिवशी विद्याधरभावजी नसते तर आमचं काय झालं असतं, देव जाणे. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला जाळत नाहीत. पद्मासनात बसवतात, अंगाला विभूती लावतात, हातात इष्टलिंग देतात आणि नव्या पांढऱ्या कापडात गुंडाळून मातीत ठेवतात. भावजी जैन, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. पण डॉक्टरांचा दाखला घेण्यापासून ते जंगमस्वामींना आणण्यापर्यंत, रुद्रभूमीतला खड्डा, बेलाची पानं, कापड, सगळं त्यांनी विचारून विचारून केलं. मी नुसती भिंतीला टेकून बसले होते.

माती चाळून मी परडीत भरली. आत जाऊन हात धुऊन आले, तोवर सासूबाईंनी तो तुकडा बादलीत खळबळून दोरीवर वाळत टाकला होता.

"टाकायचं होतं ते," मी म्हटलं.

"टाकतीस कशाला? चांगलं हाय की. देवाची भांडी पुसायला व्हईल." त्यांनी कापडाची कड बोटांत धरून चोळली. "महांतूला गुंडाळलं त्यातलंच न्हवं का हे?"

तांदूळ मागच्याच पोत्यातले ना, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं आणि दूध वर येतंय म्हणून आत गेल्या.

मी दोरीपाशी उभी राहिले. वाऱ्यानं तो तुकडा हलत होता. लग्नाच्या पंगतीत महांतेश पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढायचा, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बायका पदराआड हसायच्या. तो मात्र शांतपणे वाढप्याला म्हणायचा, "ह्यात घाला, मालक." त्या माणसाला आम्ही कशात ठेवलं होतं? त्याचं सगळं मातीला मिळेल आणि ते कापड तेवढं राहील, चारी कडा जागच्या जागी.

रडू नाहीच आलं. फक्त हा एक विचार डोक्यात येऊन बसला तो उठेना.

दुपारी विद्याधरभावजी आले, ते पाटी घेऊनच. टेम्पोतून दोघांनी ती उतरवली आणि दुकानात भिंतीला टेकवून ठेवली. लाकडी पाटी, वर सुबक अक्षरं: 'सरकी-कणगी'. दुकान त्यांच्या नावात सामील करून घ्यायचं हे त्यांनी पावसाळ्यातच सुचवलं होतं. माल त्यांचा, माणसं त्यांची, मी फक्त बसायचं. मी तेव्हा हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. ते त्यांनी हो धरलं होतं.

"वैनी, दसऱ्याला लावून टाकू," ते म्हणाले. "मुहूर्त बघायला नको. महांतेशला पण आवडलं असतं, काय?"

सासूबाई शेजारीच बसून शेंगा निवडत होत्या. त्यांच्यासमोर मला कापडाचा तो प्रश्न विचारायचा नव्हता. उत्तर 'हो' आलं असतं तर त्या म्हातारीनं पुढचं आयुष्य कशाच्या आधारावर काढायचं?

"आधी तुमचं हातमागाचं केंद्र बघू द्या की, भावजी," मी म्हटलं. "नाव एक करायचं तर बघायला नको?"

त्यांचा चेहरा फुलला. मी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी मागत होते. "उद्याच या की. गाडी पाठवतो."

"एसटीनं येते."

दुसऱ्या दिवशी घट बसवून मी निघाले. पर्समध्ये तो तुकडा घडी करून घेतला होता.

'सरकी'चं केंद्र रस्त्याला लागूनच होतं. शेणानं सारवलेली जमीन, दारात तुळस, पाण्याचा माठ, आत दोन हातमाग. मागांवर दोन वयस्कर बायका बसल्या होत्या. कुठल्या तरी कॉलेजच्या मुली त्यांच्याबरोबर फोटो काढत होत्या. मागच्या भिंतीपलीकडून यंत्रमागांचा खडखडाट येत होता, पण इचलकरंजीत तो आवाज कुठे नसतो? कुणी त्याचं नावही काढत नाही.

"मावशी, हे कधीपासून चाललंय?" मी एकीला विचारलं.

"ह्येच व्हय? गणपतीपास्नं," ती हसून म्हणाली. "लोकं आली की हात चालवायचा, बाई. न्हाईतर निवांत."

मुलींनाही हसू आलं. त्यांना ती गंमत वाटली.

भावजी मला आतल्या ऑफिसात घेऊन गेले. चहा आला. मी पर्समधून कापड काढून टेबलावर ठेवलं.

"हे यांनी पुरलेलं."

ते जन्मापासून कापडात वाढलेले. दोन बोटांत धरलं आणि त्यांना कळलं. तरी त्यांनी ते उलटसुलट केलं, लेबल वाचलं, पुन्हा घडी केली. मग उठून दार लावलं.

"कधी काढलंत?"

"काल. घटाला माती हवी होती."

ते परत येऊन खुर्चीत बसले. "सुरुवातीला शुद्धच होतं, वैनी. तुम्ही बघितलंय. मग लोक परत आणायला लागले. आटतंय, चुरगळतंय, इस्त्री राहत नाही. मोठ्या दुकानांना माल हवा ढिगानं, आणि तोही लगेच. तेवढा हातमागावर होतो होय? मग धाग्यात थोडं मिसळलं. थोड्याचं जास्त कधी झालं ते माझं मलापण कळलं नाही. आणि सगळेच करतात हो, मी काय एकटा..."

"आणि लेबल?"

"लेबल आधीचंच राहिलं."

ते माझ्याकडे बघत होते. मी चिडेन, ओरडेन, निदान रडेन अशी त्यांची तयारी असावी. माझ्या मनात काहीच नव्हतं. चहावर साय धरत होती, ती मी बघत होते.

"महांतेशला सांगणार होतो," ते म्हणाले. "खरंच. पण त्याच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे... आता तुम्ही म्हणाल ते. यावर चाळीस घरं चालतात, वैनी, एवढं फक्त ध्यानात घ्या."

"भावजी, मला एकच विचारायचंय. त्याच्यासाठीच आलेय." माझा आवाज नेहमीसारखाच होता. "यांच्या अंगावर जे कापड घातलं, ते यातलंच का?"

त्यांना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले, कुणी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखे.

"नाही."

"असलं तरी सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

"नाही, वैनी! आईच्यान् नाही." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "ते देवळातलं होतं. म्हणजे... मी बस्तीत अभिषेकाला जाताना नेसतो, त्यातलं. जतकडं एक म्हातारा विणतो, स्वतः सूत काढून. महांतेशनंच गाठ घालून दिली होती. एक धोतर कोरं होतं, देवाच्या कपाटात. तुमच्याकडनं फोन आला, कापड लागेल म्हणून, तसं मी तेच काढलं. अर्धं फाडून घेतलं."

"गोदाम तुमचं घराखालीच आहे ना?"

"हो. किल्ली खिशातच होती. ढीग पडलेत हो तिथं कापडाचे. पण पाय नाही वळला तिकडं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"त्याला कशात ठेवू नये, एवढं माहीत होतं."

पायाला मुंग्या आल्यावर रक्त परत चढायला लागतं, तेव्हा सुरुवातीला नुसतं टोचतं. तसं काहीतरी मला छातीत झालं. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदाच कुठेतरी दुखलं. आणि लगेच दुसरा विचार आला. हाच माणूस आत्ताच म्हणाला, लेबल आधीचंच राहिलं. त्याच्या 'नाही'वर मी विसंबायचं कसं? आईची आण घेतली, पण गिऱ्हाइकांना सांगतानाही तो डोळ्याला डोळा देऊनच सांगत होता.

"उरलेलं अर्धं आहे?" मी विचारलं.

"आहे. कपाटातच आहे."

"ते मला द्या."

का हवंय ते त्यांनी विचारलं नाही. महांतेशचा दोस्त होता तो, त्याला परसातल्या कुंड्या ठाऊक होत्या. स्वतः घरी जाऊन ते कापड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. माझ्या हातात देताना म्हणाले, "आणि हे मातीत गेलं तर?"

"तर तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत, एवढं कळेल."

"आणि दुकान?"

"दुकानाचं ठरलंय, भावजी. पाटी घेऊन जा. आणि ताग्यांसाठी टेम्पो पाठवा."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहिले. जुन्या सवयीनं खिडकीतून पाण्याची बाटलीही देणार होते, पण ती प्लॅस्टिकची आहे हे ध्यानात येऊन हात मागे घेतला.

घरी आल्यावर त्या अर्ध्या धोतरातला हातभर तुकडा फाडला आणि त्याच कुंडीत पुरला. सासूबाई बघत होत्या.

"हे कुणाचं?"

"यांना गुंडाळलं त्यातलं," मी म्हटलं. "विद्याधरभावजी म्हणतात."

"आन् त्ये कालचं?"

"ते वेगळं."

त्यांनी रिकाम्या दोरीकडे बघितलं, मग कुंडीकडे. त्यांना किती कळलं ते मला आजही सांगता येणार नाही. उठून तांब्याभर पाणी आणलं आणि कुंडीत ओतलं.

दसऱ्याला भावजी आपट्याची पानं घेऊन आले, सासूबाईंच्या पाया पडले. मलाही सोनं दिलं, मी घेतलं. दुकानातली कापडाची फळी मोकळी होती आणि दारावर जुनीच पाटी होती. ते त्यांनी बघितलं. जाताना परसात एक चक्कर मारली, कुंडीपाशी थोडं थांबले आणि गेले.

तो हिवाळा दुकानाला जड गेला. लोक यायचे, मोकळी फळी बघायचे, विचारायचे, "सरकी नाही ठेवत?" मी सांगायची, "कुंडीत राहिलं." जुन्या गिऱ्हाइकांना तेवढ्यात समजायचं. नवी माणसं माझ्याकडे बघून निघून जायची. मला त्याचं वाईट वाटायचं, म्हणजे वाटायला हवं असं वाटायचं. रोज सकाळी सासूबाई कुंडीला पाणी घालायच्या आणि मी दारातून बघायची. आत काय चाललंय ते बघायला मधेच उकरावं असं कितीदा तरी मनात आलं. उकरलं नाही. अर्धवट बघण्यात अर्थ नसतो, महांतेश म्हणायचा, मातीला तिचा वेळ द्यावा लागतो.

महांतेशच्या वर्षाच्या दिवशी जंगमस्वामी पूजेला यायचे होते. सकाळी स्वयंपाकाला लागणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आज बघ."

मी कुंडी उपडी केली. माती ओली होती, काळी झाली होती. ढेकूळ फुटलं, दुसरं फुटलं. एक गांडूळ निघालं, गोगलगायीचा शंख निघाला. मी बोटांनी चाळत राहिले. कड नाही, धागा नाही, काहीच नाही.

"काय निघालं?" सासूबाईंनी पायरीवरून विचारलं.

"काही नाही, आत्याबाई."

"नीट बघ."

"बघितलं."

त्या गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि सगळी माती पुन्हा स्वतःच्या हातांनी चाळायला लागल्या. एकेक ढेकूळ चुरून बघितलं. कुंडीच्या बुडाशी चिकटलेलं होतं ते नखांनी खरवडलं. मग थांबल्या.

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

त्यांनी मूठभर माती उचलली आणि माझ्या हातात दिली. "बघ, कशी मऊ झालीया."

ती खरंच मऊ होती. मी मूठ मिटली, आणि मग मला रडू आलं. शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या, स्वामींची रिक्षा दारात येऊन थांबली, आत डाळ करपली, तरी ते थांबेना. सासूबाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. त्या माझ्याजवळ तशाच मातीत बसून राहिल्या आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "विद्याधरला कळीव गं. त्यो पन वाट बगत असंल."